बॅटरी बदलू की ड्रिलच बदलू?

या महिन्यातली निम्म्याहून जास्त पत्रं एकाच दुखण्याची आहेत: हत्यार ठणठणीत, बॅटरीनं मान टाकली. म्हणून कार्बन ब्रश आणि गिअरबॉक्सचे प्रश्न पुढच्या अंकासाठी ठेवले आणि हे सदर या वेळी पूर्ण बॅटरीला दिलं. नव्या वाचकांसाठी माझी ओळख: वडिलांच्या हाताखाली मोटारी रिवाइंड करायला शिकले आणि गेली सत्तावीस वर्षं लोकांची ड्रिल, ग्राइंडर, करवती उघडून पाहणं हाच माझा धंदा आहे. मी इंजिनिअर नाही. चटके खाऊन जे कळलं ते सांगते.

प्रश्न: ताई, माझ्याकडे १८ व्होल्टचं जुनं कॉर्डलेस ड्रिल आहे. त्याबरोबर निकेल-कॅडमिअमचे दोन पॅक आले होते. आता रात्रभर चार्ज केले तरी चार स्क्रू बसवले की ड्रिल रडायला लागतं. मोटार, चक, गिअर सगळं उत्तम. कंपनीनं हे पॅक बनवणं थांबवलं आहे. आत लिथियमचे सेल बसवता येतील का? मला सोल्डरिंग येतं.

उत्तर: येतील. पण तुमचं शेवटचं वाक्य वाचून पोटात गोळा आला. त्याकडे नंतर येते.

आधी एक पॅक उघडा. बुडाचे स्क्रू काढले की झाकण सुटतं आणि आत पंधरा जाडजूड सेल एकमेकांना पट्ट्यांनी जोडलेले दिसतात. पंधरा का, तर निकेलचा एक सेल १.२ व्होल्टचा, असे पंधरा ओळीनं जोडले की अठरा होतात. एखाद्या सेलच्या टोकाशी पांढरी भुकटी जमली असेल. सेल फुटून आतलं द्रावण बाहेर आलं, वाळलं, त्याचा तो क्षार आहे. बोटानं खरवडू नका, हातमोजे घाला.

आता नुसता मल्टिमीटर लावलात तर पंधराही सेल शहाण्यासारखे १.२५ दाखवतील आणि तुम्ही बुचकळ्यात पडाल. सेलची परीक्षा त्याच्यावर भार असताना घ्यायची असते. मी मोटारीच्या हेडलाइटचे १२ व्होल्टचे दोन जुने बल्ब एकापुढे एक जोडून पॅकला लावते. साधारण चार ॲम्पिअरचा भार पडतो. बल्ब पेटलेले असतानाच एकेका सेलवर मीटरच्या दांड्या टेकवत जायचं. १.२, १.२, १.१८, १.२... आणि मग अचानक ०.४. त्याच्या पुढचा एखादा तर चक्क उणे चिन्ह दाखवतो. हा प्रकार पहिल्यांदा पाहिला तेव्हा मला वाटलं, दांड्या उलट्या लागल्या. तसं नव्हतं. बाकीचे धडधाकट सेल त्या मेलेल्या सेलमधून जबरदस्तीनं करंट ढकलत होते आणि तो उलटा चार्ज होत होता. तुमचं ड्रिल चार स्क्रूंनंतर रडतं ते बहुधा अशा दोन-तीन सेलांमुळे.

मग तेवढे दोन-तीनच बदलले तर? मीही सुरुवातीला हेच करायचे. महिना-दोन महिने छान चालतं, मग पुढचे दोन जातात. नवा सेल दमात असतो, शेजारचा म्हातारा लवकर रिकामा होतो आणि उलटा चार्ज होऊन मरतो. बदलायचे तर पंधराच्या पंधरा, एकाच लॉटमधले.

कंपनीवर रागावू नका. कॉर्डलेस ड्रिल बाजारात आलं ते निकेल-कॅडमिअमच्याच जोरावर, ब्लॅक अँड डेकरनं १९६१ साली आणलं तेव्हा. पण कॅडमिअम विषारी. २००५ मध्ये मिल्वॉकीनं २८ व्होल्टची लिथियमवाली हत्यारं काढली, पाठोपाठ सगळे तिकडे वळले आणि ३१ डिसेंबर २०१६ नंतर तर युरोपीय संघानं कॉर्डलेस हत्यारांसाठी कॅडमिअमच्या बॅटऱ्या बाजारात आणायला मनाईच केली. तुमचा पॅक बंद पडण्यामागे एवढा इतिहास आहे.

आता तुमच्यापुढे तीन वाटा आहेत. पहिली, आणि शक्य असेल तर हीच धरा: तुमच्या कंपनीनं जुन्या बॉडीवर नवा लिथियम पॅक बसवण्याची सोय केली आहे का ते पाहा. रायोबीच्या वन-प्लस मालिकेत १९९६ पासून पॅकचं तोंड तेच आहे, त्यामुळे जुन्या ड्रिलवर आजचा लिथियम पॅक सरळ बसतो. डिवॉल्टनं जुन्या १८ व्होल्टच्या हत्यारांसाठी डीसीए१८२० नावाचा अडॉप्टर काढला, तो मधे लावला की २० व्होल्ट मॅक्सचे पॅक चालतात. काम झालं की पॅक अडॉप्टरवरून उतरवून ठेवायचा, एवढं लक्षात असू द्या.

दुसरी वाट, निकेल-मेटल-हायड्राइडचे सेल. आकार तोच, व्होल्ट तेच, साठा जास्त, कॅडमिअम नाही. अट एकच: चार्जरच्या लेबलवर मेटल-हायड्राइडचाही उल्लेख हवा. निकेलचा सेल पूर्ण भरला की त्याचं व्होल्टेज किंचित खाली येतं आणि चांगला चार्जर ती घसरण पकडून थांबतो. मेटल-हायड्राइडची घसरण कॅडमिअमपेक्षा बारीक असते. फक्त कॅडमिअमसाठी बनवलेल्या चार्जरला ती दिसेलच असं नाही, आणि मग तो सेल शिजवत बसतो. जुन्या पॅकमध्ये सेलांच्या मधे खोचलेला दोन तारांचा छोटासा मणी किंवा चपटी डबी दिसेल, ती तापमान बघणारी. ती नव्या सेलांमध्ये तशीच खोचायची. अडगळ समजून फेकू नका, एकानं फेकली आणि पॅकचं बूड वितळवून माझ्याकडे आणलं.

तिसरी वाट तुम्ही विचारलीत ती. गंमत पाहा: निकेलचे पंधरा सेल पूर्ण भरल्यावर प्रत्येकी १.४ धरून २१ व्होल्ट होतात, आणि लिथियमचे पाच सेल प्रत्येकी ४.२ धरून तेही २१च. त्यामुळे मोटारीला फरक कळतसुद्धा नाही. फरक कळतो चार्जरला. म्हणजे, त्याला कळत नाही, हीच पंचाईत आहे. जुना चार्जर त्या घसरणीची वाट पाहत करंट ढकलत राहतो. लिथियमच्या सेलला तशी घसरण येतच नाही. २१ व्होल्टला थांबायचं असतं, हा २२, २३ करत पुढे जातो.

हे मला पुस्तकातून कळलं नाही. माझ्या स्वतःच्या ड्रिलमध्ये मी पाच लिथियम सेल बसवले होते आणि बीएमएस, म्हणजे सेलांवर पहारा ठेवणारी पाटी, लावायचा कंटाळा केला होता. ‘मी लक्ष ठेवेन की’ असं म्हणून. डबी जुनीच, तोंड जुनंच. एके दुपारी मदतीला असलेल्या मुलानं तो पॅक सवयीनं जुन्या चार्जरवर चढवला. तासाभरात बाकावरून कुकरची शिट्टी दबल्यासारखा आवाज आला, पाठोपाठ थिनरसारखा गोडसर वास. मी फावड्यानं तो पॅक ढकलत दाराबाहेर मातीत नेला आणि आम्ही दोघं भिंतीआड उभे राहून मोजत होतो: एक, दोन, तीन... चौथा बराच वेळ थांबून फुटला. पाचवा फुटलाच नाही, तो मी दुसऱ्या दिवशी लांब चिमट्यानं उचलला. चूक त्या मुलाची नव्हती. ज्या भोकात चुकीची वस्तू बसते ते भोक मी तसंच ठेवलं होतं.

म्हणून तिसऱ्या वाटेनं जायचंच असेल तर जुन्या चार्जरची वायर आधी कापा. आधी, मग नाही. पाच सेलांचा बीएमएस हवा, एकेका सेलची तार त्याला जोडलेली, आणि तो ड्रिलसाठी पुरेसा करंट सोडणारा. ड्रिलचं पातं लाकडात अडकलं की क्षणभर चाळीस-पन्नास ॲम्पिअरची मागणी होते, लहान बीएमएस दर वेळी बंद पडेल आणि तुम्ही मला शिव्या घालाल. २१ व्होल्टला थांबणारा लिथियमचाच चार्जर हवा. सेल जास्त करंट देणारे हवेत. लॅपटॉपच्या जुन्या बॅटरीतून काढलेले सेल चालणार नाहीत. दिसायला तेच, १८ मिलिमीटर जाड आणि ६५ लांब, पण ते बिचारे सावकाश झिरपण्यासाठी जन्मले आहेत. त्यांच्याकडून तीस ॲम्पिअर मागणं म्हणजे झऱ्याला बंब लावणं.

आणि तुमचं सोल्डरिंग. सेलच्या आत दोन थरांमध्ये प्लॅस्टिकचा पापुद्रा असतो, तो साधारण १३० अंशांना वितळायला लागतो. तुमचं सोल्डरिंग आयर्न साडेतीनशेवर असतं. बुडावर टेकवून ‘लागलं एकदाचं’ म्हणेपर्यंत आत काय झालं ते तुम्हाला दिसत नाही. स्पॉट वेल्डर वापरा किंवा ज्यांच्यावर कारखान्यातच पट्ट्या वेल्ड केलेल्या असतात असे सेल घ्या आणि सोल्डर पट्टीच्या टोकाला करा. पट्टी शुद्ध निकेलची आहे की निकेल चढवलेल्या लोखंडाची, हे ओळखायला ती कानशीनं खरवडून मिठाच्या पाण्यात रात्रभर ठेवा. सकाळी तांबेरा दिसला तर लोखंड.

एवढं सगळं वाचून ‘नको, नवीनच घेतो’ असं वाटलं तर मला वाईट वाटणार नाही. एकाच ड्रिलसाठी पाच सेल, बीएमएस, चार्जर आणि स्पॉट वेल्डर जमवणं हा शौक आहे, बचत नव्हे. शौक वाईट नसतो, पण त्याला बचत म्हणून घरच्यांची समजूत घालू नका.

प्रश्न: मी सुतारकाम करतो. २ एएचच्या (ॲम्पिअर-अवर, म्हणजे पॅकमधला साठा) पॅकऐवजी ५ एएचचा लावला की त्याच ड्रिलला जोर जास्त येतो असं मला वाटतं. भाऊ म्हणतो, व्होल्ट तेच आहेत तर जोर कसा वाढेल, हा भास आहे. पैज लागली आहे.

उत्तर: पैज तुम्ही जिंकलात. भाऊही अगदी चुकीचे नाहीत, फक्त त्यांनी आराम करत असलेल्या पॅकचे व्होल्ट मोजले.

२ एएचच्या पॅकमध्ये पाच सेल एका ओळीत असतात. ५ एएचमध्ये दहा, म्हणजे पाच-पाचच्या दोन ओळी शेजारी-शेजारी. प्रत्येक सेलला आतून थोडा विरोध असतो, समजा २० मिलिओहम. पाच सेलांचा झाला ०.१ ओहम. जाड लाकडात मोठा बिट घातलात आणि ड्रिलनं ३० ॲम्पिअर ओढले की ३ व्होल्ट पॅकच्या आतच जिरतात, मोटारीच्या वाट्याला उरतात १५. दोन ओळी असल्या की विरोध निम्मा, जिरतात दीड, मोटारीला मिळतात साडेसोळा. हाताला जाणवतो तो हा दीड व्होल्ट.

त्याहून महत्त्वाचं, जिरलेले व्होल्ट जातात कुठे? उष्णतेत. एका ओळीत प्रत्येक सेल १८ वॅट तापतो, लहान सोल्डरिंग आयर्न तापतं जवळपास तेवढा, आणि तोही बंद डबीत. दोन ओळीत करंट वाटला जातो आणि प्रत्येक सेलवर फक्त साडेचार वॅट येतात, निम्मे नव्हे तर चौथाई. म्हणून ग्राइंडर, वर्तुळाकार करवत, मोठा हॅमर यांना लहान पॅक लावून कामाला जुंपणारे लोक दरवर्षी नवे पॅक घेतात. माझ्या बाकावर येणाऱ्या मेलेल्या पॅकमध्ये ग्राइंडरनं मारलेले सगळ्यात जास्त.

उलट, बिजागऱ्या बसवायला, शिडीवर उभं राहून छतात भोकं पाडायला लहान पॅकच घ्या. मनगटावर रोज पाव किलो जादा कशाला? आता २१ मिलिमीटर जाड आणि ७० लांब असे थोडे मोठे सेल घातलेले पॅक मिळतात. एकाच ओळीत ४ एएच देतात आणि करंटही चांगला सोडतात. सुतारासाठी मला तो मधला मार्ग आवडतो. भावाला हरवलंत, तेव्हा मोठा पॅक त्यालाच उचलायला द्या.

प्रश्न: एका कंपनीवर १८ व्होल्ट लिहिलंय, दुसरीवर २० व्होल्ट मॅक्स. २० वालं घेऊ ना?

उत्तर: दोन्हीत तेच पाच सेल. एकानं सरासरी लिहिली, ३.६ गुणिले पाच, दुसऱ्यानं नुकत्या भरलेल्या पॅकचा साधारण आकडा लिहिला. तसंच १०.८ आणि १२ मॅक्सचं, दोन्ही तीन सेलांचे. पकड हातात नीट बसते का ते पाहून घ्या.

प्रश्न: माझ्या ड्रिलला बसणारा ‘९ एएच’ लिहिलेला पॅक मला कंपनीच्या ५ एएच पॅकच्या निम्म्या किमतीत मिळाला. पण तो ५ एएचपेक्षा लवकर संपतो. चार्जर खराब असेल का?

उत्तर: चार्जरवर आळ घेऊ नका. आडात नाही तर पोहऱ्यात कुठून येणार?

तुमच्या पॅकच्या आकारात १८ बाय ६५ चे दहाच सेल मावतात. त्या मापाच्या चांगल्यात चांगल्या सेलमध्ये साडेतीन एएचच्या आसपास साठा असतो, आणि ड्रिलला लागतो तेवढा करंट सोडणाऱ्या सेलमध्ये तर तीनच धरा. दोन ओळींचे झाले सहा. नऊ लिहिणाऱ्यानं सेल कुठे ठेवले, खिशात?

पॅक वजनकाट्यावर ठेवा. असा एक सेल ४५ ते ४८ ग्रॅमचा, म्हणजे दहा सेलांचे साडेचारशेच्या पुढे, वर डबी, पट्ट्या, पाटी. चांगला दहा सेलांचा पॅक सहाशे ग्रॅमच्या आसपास भरतो. तुमचा चारशे भरला तर नाव सोनूबाई, हाती कथलाचा वाळा. असा एक पॅक मी उघडला तेव्हा दहा सेलांच्या जाळीत पाचच सेल होते, उरलेली पाच घरं रिकामी आणि अगदी स्वच्छ. पुसून ठेवल्यासारखी.

पण मला खरी धडकी भरली ती रिकाम्या घरांनी नाही. सेलांच्या मधून पाटीकडे जाणाऱ्या बारीक तारा त्यात नव्हत्याच. पाटी फक्त पहिलं आणि शेवटचं टोक बघत होती, म्हणजे एकूण बेरीज. बेरीज २१ आली की सगळं ठीक असं ती समजते. पण चार सेल ४.३५ वर आणि एक थकलेला ३.६ वर, याचीही बेरीज २१च होते. चार सेल मर्यादेबाहेर भरले गेलेत आणि पाटी समाधानी आहे. असा पॅक रात्रभर चार्जिंगला लावून झोपू नका. खरं म्हणजे लावूच नका.

सगळेच बिनकंपनीचे पॅक असे असतात का? नाही. काही बरे निघतात. पण कुठला बरा हे उघडल्याशिवाय मलाही कळत नाही आणि उघडला की तो परत देता येत नाही.

प्रश्न: एका कंपनीची बॅटरी दुसऱ्या कंपनीच्या हत्यारावर बसवणारे प्लॅस्टिकचे अडॉप्टर मिळतात. वापरू का? माझ्याकडे तीन कंपन्यांची हत्यारं आहेत.

उत्तर: चालतात, हे नाकारणार नाही. माझ्याकडेही एक आहे. पण आधी पहारेकरी कुठे बसला आहे ते पाहा. लिथियमचा सेल अडीच-तीन व्होल्टच्या खाली उतरवायचा नसतो. काही कंपन्या हे थांबवण्याचं काम पॅकमधल्या पाटीला देतात, काही हत्याराला. ज्यांचा पहारेकरी हत्यारात आहे त्यांचा पॅक तुम्ही परक्या हत्यारावर लावलात की रखवालीला कुणीच नाही. ड्रिल दम निघेपर्यंत फिरत राहतं आणि दुसऱ्या दिवशी चार्जर तो पॅक घेत नाही.

माझा नियम: अडॉप्टरवर पॅक लावला की ड्रिलचा आवाज थोडा जरी खाली आला, तिथेच थांबायचं. दिवा किंवा पंखा अशा अडॉप्टरवर कधी लावत नाही. माणूस झोपतो आणि पंखा पॅक पिऊन टाकतो. तापमान कळवणारी तिसरी पट्टीही बऱ्याच अडॉप्टरांत पुढे जोडलेली नसते, त्यामुळे ग्राइंडरलाही नको.

तीन कंपन्यांचा पसारा असेल तर पुढची खरेदी तरी एकाच तोंडाची करा. मेटाबोनं २०१८ मध्ये सीएएस नावाची आघाडी सुरू केली, त्यात अनेक कंपन्यांची हत्यारं एकाच पॅकवर चालतात. बॉशच्या अँपशेअरचंही तसंच.

प्रश्न: वर्षभर न वापरलेला लिथियम पॅक चार्जर घेत नाही, लाल दिवा लुकलुकतो. दुसऱ्या चांगल्या पॅकला तारांनी जोडून तो ‘जागा’ करायची युक्ती एकानं दाखवली. करू का?

उत्तर: नको.

आधी साध्या गोष्टी पाहा. पॅकच्या तोंडातल्या पट्ट्यांवर भुसा, गंज, सिमेंटची पूड बसली आहे का? पॅक उन्हात किंवा गाडीत तापला होता का? गरम पॅकला चार्जर मुद्दाम थांबवून ठेवतो. तासभर सावलीत ठेवून पुन्हा लावा. शून्याखालच्या थंडीत ठेवलेला पॅकही आधी खोलीत आणून कोमट होऊ द्या. गोठलेल्या सेलला चार्ज केलं की आत लिथियमचा मुलामा चढतो आणि तो उतरत नाही.

एवढं करूनही घेत नसेल तर पाच सेलांच्या पॅकचे व्होल्ट मोजा. दहाच्या खाली असतील तर सेलमागे सरासरी दोन व्होल्टही उरलेले नाहीत. इतक्या खाली आतल्या तांब्याच्या पत्र्याचं तांबं विरघळायला लागतं, आणि पुन्हा चार्ज करताना ते भलत्याच जागी जाऊन बसतं. युक्तीनं पॅक ‘जागा’ होतो, दिवा हिरवा होतो, व्हिडिओ तिथे संपतो. आतला शॉर्ट कधी होईल हे त्या व्हिडिओवाल्यालाही माहीत नसतं. टोकांना चिकटपट्टी लावा आणि बॅटऱ्या गोळा करणाऱ्या केंद्रात द्या. कचऱ्याच्या डब्यात नाही.

प्रश्न: १८ व्होल्टच्या जुन्या ड्रिलला बॅटरीऐवजी १८ व्होल्ट ५ ॲम्पिअरचा एसएमपीएस (घरच्या विजेवर चालणारा पॉवर सप्लाय) जोडला. मोकळं फिरतं, पण स्क्रूला लावलं की टक-टक करून थांबतं.

उत्तर: पाच ॲम्पिअरवाल्याकडे तीस मागितले की तो हात वर करतो. ती टक-टक म्हणजे त्याचं पुन्हा-पुन्हा हात वर करणं. तीस-चाळीस ॲम्पिअरचा एसएमपीएस घेतला तर चालेल, पण तो ड्रिलपेक्षा जड आणि वायर बोटाएवढी जाड.

वायरीची गोष्ट लोक विसरतात. अडीच चौरस मिलिमीटरची तांब्याची तार मीटरमागे सुमारे ७ मिलिओहम. पाच मीटर लांब जोडणी म्हणजे जाऊन-येऊन दहा मीटर, ०.०७ ओहम. ३० ॲम्पिअरला दोन व्होल्ट वायरीतच संपले. १२ व्होल्टचं ड्रिल गाडीच्या बॅटरीवर चालवणारेही इथेच फसतात, आणि फ्यूज लावायला विसरतात ते वेगळंच. फ्यूज बॅटरीच्या टोकापासून वीतभर अंतरावर हवा. ड्रिलजवळ लावलेला फ्यूज मधल्या वायरीला वाचवत नाही.

एकाच बाकावर बसून काम करत असाल तर हे ठीक. नाहीतर सरळ वायरवालं ड्रिल घ्या, त्याला कमीपणा मानू नका. माझ्या बाकावर रोज तेच असतं.

गेल्या अंकातली दुरुस्ती

गेल्या वेळी मी लिहिलं होतं की निकेल-कॅडमिअमचा पॅक महिन्यातून एकदा ‘पूर्ण रिकामा’ करावा. एका वाचक बाईंनी कान धरला, आणि बरोबर धरला. त्यांनी ड्रिलचा घोडा रबरबँडनं दाबून रात्रभर ठेवला आणि पॅक गेला. ‘पूर्ण’ हा शब्द माझा चुकला. ड्रिलचा वेग स्पष्ट कमी झाला, म्हणजे सेलमागे साधारण एक व्होल्ट उरला, की थांबायचं. त्याच्या खाली वर सांगितलेला उलट्या चार्जचा खेळ सुरू होतो. बाईंनी तो पॅक माझ्याकडे पाठवावा, सेलांचा खर्च माझा.

प्रश्न: पावसाळ्यात चार महिने काम बंद असतं. लिथियम पॅक पूर्ण भरून ठेवू की रिकामे?

उत्तर: दोन्ही नको. अर्ध्यावर ठेवा, पॅकवर चार दिवे असतील तर दोन पेटतील इतके. हत्यारावरून उतरवून, चार्जरवरूनही उतरवून, कोरड्या आणि गार जागी. पत्र्याच्या शेडमध्ये नाही. दोन महिन्यांनी एकदा बटण दाबून पाहा, एकच दिवा राहिला असेल तर अर्धा तास चार्जिंगला लावा. आणि पॅक घेतल्याची तारीख बुडाशी मार्करनं लिहून ठेवा. पाच वर्षांनी तुम्ही ‘परवाच तर घेतला’ म्हणत माझ्याकडे याल, तेव्हा आपल्या दोघांच्याही उपयोगी पडेल.

पुढच्या अंकासाठी पत्र पाठवताना पॅकच्या लेबलचा आणि त्याच्या तोंडाचा फोटो जोडा, आणि मीटर असेल तर दोन टोकांमधले व्होल्ट लिहा. ‘बॅटरी टिकत नाही’ एवढ्यावर मला काहीच सांगता येत नाही.